मामाची मुलगी, आतेभाऊ आणि घरात ठरत असलेलं दुसरं लग्न

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

‘मी सांगली जिल्ह्यातली, वय २७. माझं लग्न माझ्या सख्ख्या आत्याच्या मुलाशी झालंय, म्हणजे सासूबाई माझ्या आत्याच. आमच्याकडं ही रीतच आहे, माझी आजीसुद्धा आजोबांच्या नात्यातलीच होती. माझा मुलगा आता दोन वर्षांचा आहे. हाक मारली तरी बघायचा नाही, कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचा नाही. बेरा तपासणी केली. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही असं निघालं. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, “नात्यात लग्न झालंय का?” तेव्हापासून घरात रोज तेच. आत्या म्हणतात, “पिढ्यान्‌पिढ्या मामाची पोरगी करतोय, कुणाला काय झालं? हिनंच ग्रहणात भाजी चिरली.” शेजारच्या बायका म्हणतात, नवराबायकोचा रक्तगट एकच म्हणून झालं. आमचा दोघांचाही बी पॉझिटिव्ह आहे. नवऱ्याचं दुसरं लग्न लावून देऊ, असंही कानावर आलं. त्यातच माझ्या धाकट्या बहिणीचं माझ्या दिराशी ठरतंय, तुळशीच्या लग्नानंतर साखरपुडा. मी काही बोलले तर “बहिणीचं चांगलं बघवत नाही” म्हणतील. आम्ही दुसरं मूल होऊ द्यावं का? तेही असंच होईल का? आणि चूक कोणाची?

ता. क. माझ्या वहिनीला सातवा महिना आहे. आत्या आत्तापासूनच म्हणतात, मुलगी झाली तर ती आमचीच सून.’

ताई,

‘चूक कोणाची’ हा प्रश्न मी आधी घेते, कारण तो डोक्यात असेपर्यंत पुढचं काही नीट वाचलं जाणार नाही. चूक तुमची नाही. ग्रहणात भाजी चिरल्यानं बाळाच्या कानाला काहीही होत नाही. मूल आनुवंशिक कारणानं बहिरं असेल, तर ते गर्भ राहिला त्या क्षणीच ठरलेलं असतं. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत तुम्ही काय चिरलं, काय खाल्लं, कुठं गेलात यानं त्यात काडीचाही फरक पडला नसता.

रक्तगटाचंही तेच. नवराबायकोचा रक्तगट एक असणं हा दोष नाही. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तेव्हा लक्ष ठेवावं लागतं, आणि त्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे. तुम्ही दोघं बी पॉझिटिव्ह, तुमच्यापुरता हा विषय संपला. मला जास्त काळजी वाटते ती याच्या उलट्या समजुतीची. ‘रक्तगट वेगळे आलेत, आता नात्यात करायला हरकत नाही’ असं म्हणून कितीतरी लग्नं ठरतात. पत्रिकेत एकनाड नाही म्हणून निर्धास्त होणारेही आहेत. माणसात वीस हजारांच्या आसपास जनुकं असतात. रक्तगट त्यातल्या एकदोन जनुकांबद्दल सांगतो, आणि नाड एकाहीबद्दल काही सांगत नाही.

आता जे सगळ्यात घाईचं आहे ते. साखरपुडा नव्हे, तुमच्या मुलाचे कान. बोलण्यासाठी मेंदूची जी घडण व्हायची असते ती पहिल्या तीनचार वर्षांत होते आणि त्याची दोन वर्षं होऊन गेली आहेत. दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लगेच लावून घ्या. काही महिन्यांत त्यांचा उपयोग दिसला नाही, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रिया करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा, विचार करावा लागेल. शस्त्रक्रिया आणि यंत्र मिळून खर्च काही लाखांत जातो, पण जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं केंद्र असतं, तिथं नाव नोंदवा. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतूनही पाच वर्षांच्या आतल्या मुलांना इम्प्लांट मिळतं, उत्पन्नाची अट असते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे आणि म्हैसूरला अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्था. या दोन्ही ठिकाणी या मुलांचंच काम चालतं. शस्त्रक्रियेआधी न्यूमोकोकल आणि मेंदूज्वराच्या लसी द्याव्या लागतात, त्याची चौकशी आत्ताच करा. आणि शस्त्रक्रिया झाली की मूल बोलायला लागलं, असं होत नाही. त्यानंतर दोनतीन वर्षं रोज थेरपी लागते, घरच्यांनी त्याच्या समोर बसून बोलावं लागतं. त्या कामाला आत्या, आजोबा, काका सगळे हवेत. घरातली भांडणं थांबवायचं मला सगळ्यात पटणारं कारण तेच आहे.

याच दरम्यान मुलाची जनुकीय तपासणी करून घ्या. कारण नात्यातलं लग्न हेच कारण आहे, हे अजून कुणीही सिद्ध केलेलं नाही. डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता, पण घरच्यांनी त्या प्रश्नालाच निदान करून टाकलं. गरोदरपणात रुबेला किंवा सीएमव्ही या विषाणूंचा संसर्ग, बाळ फार लवकर जन्मणं, जन्मल्यावरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, जेंटामायसिनसारखी काही औषधं यांनीही बहिरेपण येतं. नात्यात लग्न न केलेल्यांनाही बहिरी मुलं होतात, रोज होतात. तरीही जन्मजात बहिरेपणात निम्म्याच्या आसपास कारणं आनुवंशिक असतात, आणि त्यातली बहुतेक अशी की आई आणि वडील दोघांकडून तोच दोष आला तरच मूल बहिरं होतं. तुमच्या घरातली नाती पाहता ही शक्यता मला मोठी वाटते.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. घराच्या कुलपाला दोन किल्ल्या असतात तसं समजा. एक वाकडी झाली तरी दुसरीनं कुलूप उघडतं, त्यामुळं आपल्याकडची एक वाकडी आहे हे आपल्याला आयुष्यभर कळतही नाही. अशा काही वाकड्या किल्ल्या तुमच्याकडे, माझ्याकडे, तुमच्या डॉक्टरांकडे, प्रत्येकाकडे असतात. अशा माणसाला ‘वाहक’ म्हणतात. तो आजारी नसतो, पुढेही होत नाही. अडचण येते ती मुलाच्या वाट्याला दोन्ही वाकड्या आल्या तर. परक्या दोघांनी लग्न केलं तर दोघांकडं दोष असतात, पण बहुतेक वेगवेगळ्या कुलपांचे. तुमचे वडील आणि तुमच्या आत्या मात्र एकाच आईबापाची लेकरं. आजोबांकडं किंवा आजीकडं एखादी वाकडी किल्ली असेल, तर तिचीच नक्कल वडिलांमार्फत तुमच्याकडं आणि आत्यांमार्फत तुमच्या नवऱ्याकडं आलेली असू शकते.

आते-मामे भावंडांमध्ये सरासरी आठवा हिस्सा जनुकं एकाच मुळातून आलेली असतात. त्यांच्या मुलात सोळावा हिस्सा असा असतो की जिथं दोन्ही प्रती त्याच एका जुन्या प्रतीच्या नकला असतात. मामा-भाचीच्या लग्नात हेच प्रमाण दुप्पट, आठवा हिस्सा. तुमच्या आजी-आजोबांचंही नातं होतं, म्हणजे तुमच्या घरचा आकडा सोळाव्यापेक्षा थोडा वरच असणार.

इथं आपल्याकडची एक पक्की समजूत आड येते. चुलत भावंडं म्हणजे भाऊबहीण, मावस भावंडं म्हणजे भाऊबहीण, तिथं लग्नाचा विचारही नको. मामाची मुलगी मात्र चालते, कारण तिचं कूळ वेगळं, आडनाव वेगळं, देवक वेगळं. जनुकांना आडनाव कळत नाही. आते-मामे, चुलत आणि मावस, तिन्ही नात्यांत हा आठव्या हिश्शाचा हिशोब सारखाच आहे. मावसभावाशी लग्न म्हटल्यावर ज्या आत्या कानावर हात ठेवतील, त्यांनी तितक्याच जवळचं नातं प्रेमानं जुळवलंय. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्येही भाऊ-बहिणीची मुलं निषिद्ध नात्यातच मोडतात, फक्त जिथं रूढी आहे तिथं सूट आहे. त्या सवलतीमुळं अशी लग्नं कायदेशीर ठरतात, धोका मात्र तेवढाच राहतो.

आणि ही रीत काही मूर्खपणातून आलेली नाही. लेकीला सासर म्हणजे आत्याचं घर, मारहाणीची भीती कमी, हुंड्याची घासाघीस कमी, जमिनीचे तुकडे कमी, भावाबहिणीचं येणंजाणं टिकलेलं. त्या माणसांनी आपापल्या काळात लेकीचं भलंच पाहिलं. देशभरात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत साधारण शंभरातली ११ लग्नं नात्यातली निघाली, आणि तुमच्या शेजारच्या कर्नाटकात चारातलं एकाहून जास्त. तुम्ही काही जगावेगळं केलेलं नाही.

मग आत्या म्हणतात त्याचं काय? ‘पिढ्यान्‌पिढ्या करतोय, कुणाला काय झालं?’ हे उडवून लावण्यासारखं नाही, त्यात अर्धं सत्य आहे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात ११ हजारांहून जास्त बाळांचा अभ्यास झाला. तिथं पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत सख्ख्या आते-मामे-चुलत-मावस भावंडांची लग्नं खूप होतात. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: जन्मजात व्यंगाचा धोका अशा लग्नांत ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे दुप्पट होतो. पण याचाच अर्थ असाही की शंभरातली चौऱ्याण्णव बाळं अशा व्यंगाशिवाय जन्मली. म्हणून आत्यांना आजूबाजूला नात्यातली लग्नं आणि धडधाकट मुलं दिसतात, ती खरीच आहेत.

उरलेलं अर्धं सत्य मात्र घराण्याच्या आठवणीतून गळून पडतं. समुपदेशनाला येणाऱ्या कुटुंबांना मी विचारते, घरात कुणी लहानपणी गेलं का? आधी ‘नाही’ येतं. मग एखादी म्हातारी हळूच सांगते, ‘थोरलीच्या पाठीवर दोन झाली होती, राहिली नाहीत.’ एक डबा (लहान मुलांचा छाती भरण्याचा आजार) होऊन गेलं, एक दात येताना गेलं. ‘एक चुलता होता, त्याला सगळे मुकाच म्हणायचे, गुरं राखायचा.’ मुका म्हणजे बहुतेक वेळा ऐकू न येणारा. ज्या काळात प्रत्येक घरात दोनचार लेकरं जातच होती, त्या काळात कोणतं जुलाबानं गेलं आणि कोणतं आनुवंशिक आजारानं, हे कुणी वेगळं काढणार कसं? आता लसी आहेत, दवाखाने आहेत, बाकीची कारणं मागे पडली, म्हणून हे कारण उघडं दिसू लागलं.

त्यामुळं माझी पहिली विनंती अशी. एक मोठा कागद घ्या आणि आत्यांनाच शेजारी बसवून घराची वंशावळ काढा. तुमच्या भागात हेळवी येतो आणि घराण्याची नावं वाचून दाखवतो, पण त्याच्या चोपडीत बहुतेक मुलग्यांचीच वाट असते. तुम्हाला लेकींकडचीही हवी. पुरुष चौकोनात, बाई गोलात. लग्न झालं की मधे एक रेघ, आणि लग्न नात्यातलं असेल तर दुहेरी रेघ. जे लहानपणी गेले त्यांच्यावर तिरकी काट. ज्यांना ऐकू येत नव्हतं, दिसत नव्हतं, चालता येत नव्हतं, फिट यायच्या, ते चौकोन-गोल भरून टाका. जनुकीय समुपदेशक पहिल्या भेटीत हेच काढतो. आत्यांना सगळं माहीत आहे, तुमच्या घरात त्यांच्याइतकी माहिती कुणालाच नाही. त्यांच्याच तोंडून ही नावं कागदावर आली आणि दुहेरी रेघा त्यांच्याच डोळ्यांसमोर पडल्या, तर जे तुम्ही वर्षभर भांडून पटवू शकणार नाही ते एका दुपारी दिसून जाईल.

आता तपासणी. तुमची नाही, तुमच्या नवऱ्याचीही नाही, आधी मुलाची. जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडंसं रक्त घेतात. बहिरेपणाला कारण होणारी शंभराहून जास्त जनुकं माहीत आहेत, पण पहिल्यांदा बघायचं ते कनेक्सिन २६ हे प्रथिन बनवणारं, १३ व्या गुणसूत्रावरचं जनुक, ‘जीजेबी २’. आतल्या कानातल्या पेशींमधून पोटॅशियम एकीकडून दुसरीकडं जायला या प्रथिनाच्या वाटा लागतात, त्या बंद पडल्या की कान ऐकत नाही. आपल्याकडं या जनुकात सगळ्यात जास्त सापडणारा बदल २४ व्या जागेवरचा आहे. तिथं प्रथिन बनवणं मधेच थांबतं आणि उरतो तो निरुपयोगी तुकडा. तुमच्या मुलात हाच बदल दोन्ही प्रतींत निघाला तर एका अर्थी बरी बातमी आहे, कारण यात कानापासून मेंदूकडे जाणारी नस चांगली असते आणि इम्प्लांटचा उपयोग छान होतो. हे जनुक ठीक निघालं, तर बाकीच्या जनुकांची मोठी तपासणी करावी लागते.

कारणाचं नाव कळणं का महत्त्वाचं, तेही सांगते. बहिरेपणाच्या एका दुर्मीळ प्रकारात हृदयाचे ठोके अचानक बिघडतात आणि मूल चक्कर येऊन पडतं. साध्या ईसीजीवर त्याचा अंदाज येतो, म्हणून मुलाचा ईसीजी शस्त्रक्रियेआधी नक्की काढून घ्या. अशर नावाच्या प्रकारात पुढे रात्रीचं दिसणं कमी होत जातं, तर पेंड्रेडमध्ये थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं. हे सगळे दोन्हीकडून दोष आल्यावरच होणारे आजार. अहवालात ‘पॅथोजेनिक’ असं असेल तर कारण सापडलं. ‘व्हेरिअंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स’ असं असेल, म्हणजे बदल दिसला पण तो आजाराचाच आहे का हे ठरत नसेल, तर त्यावर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. तसा अहवाल मोबाइलवर नातेवाइकांना पाठवूही नका, त्याचा अर्थ समुपदेशकाकडूनच समजून घ्या.

मुलातला बदल सापडला की तुमची आणि नवऱ्याची तेवढ्याच जागेची तपासणी होते. दोघंही वाहक निघाल, तर दोष अर्धा तुमच्याकडून आला आणि अर्धा त्यांच्याकडून. म्हणजे नवऱ्याचं दुसरं लग्न लावणाऱ्यांच्या बोलण्याला काहीच आधार राहत नाही. नात्याबाहेरच्या जोडीदाराबरोबर त्यांचा धोका कमी होईल हे खरं, पण तो तसाच तुमचाही होईल. त्यात तुम्ही कमी आणि ते जास्त असं काही नाही. पहिली बायको असताना दुसरं लग्न हा गुन्हा आहे, हे सांगायची वेळ तुमच्यावर येऊ नये. तुमच्या पत्रात नवरा काय म्हणतो ते कुठंच नाही. त्यांना समुपदेशनाला बरोबर न्याच, आणि हे वाक्य तुमच्याकडून नाही तर तिथल्या डॉक्टरांकडून त्यांच्या कानावर जाऊ द्या.

आत्यांनाही दोष देऊ नका. तो दोष आला असेल तर तो त्यांनाही त्यांच्या आईवडिलांकडूनच आलेला, तुमच्या वडिलांना आला तसाच.

आता बहिणीचं लग्न. यात मी मधली वाट सांगणार नाही. मुलाचा अहवाल येईपर्यंत साखरपुडा करू नये. तुमचं लग्न झालं तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं. आता माहीत आहे. हिशोब असा: तुमच्या वडिलांकडं हा दोष असेल, तर तुमच्या बहिणीकडं तो असण्याची शक्यता निम्मी. आत्यांकडं असेल, तर दिराकडं असण्याची शक्यताही निम्मी. दोघंही वाहक असण्याची शक्यता चारात एक, आणि तसं असेल तर प्रत्येक मूल बहिरं होण्याची शक्यता पुन्हा चारात एक. म्हणजे आज, काहीच तपासलेलं नसताना, त्यांच्या प्रत्येक मुलामागं सोळात एक, आणि तेही फक्त या एका आजारापुरतं. बाकीच्या न दिसणाऱ्या दोषांचा नात्यामुळं वाढलेला धोका त्यावर वेगळा.

मुलातला बदल कळल्यावर त्या दोघांची तपासणी सोपी आणि स्वस्त होते. दोघंही वाहक निघाले, तर हे लग्न करू नये असं मी स्पष्ट म्हणेन. दोघांपैकी एकच वाहक किंवा कुणीच नाही असं निघालं, तर हा आजार जवळजवळ बाजूला पडतो, पण मग मी पुढचा प्रश्न विचारेन: बहिणीला काय हवंय? तुमच्या पत्रात तिचा आवाज कुठंच नाही. मोठ्यांनी ठरवलंय म्हणून ती गप्प असेल, तर पिढ्या एकमेकींवर रचत गेलेल्या घरात अजून एक दुहेरी रेघ मारू नका, बाहेरचं स्थळ बघा. त्या दोघांचं एकमेकांवर खरंच मन असेल, तर त्यांना एकत्र जनुकीय समुपदेशनाला बसवा, जोडप्याची सविस्तर वाहक तपासणी करू द्या, आणि मग सगळं समजून त्यांनी ठरवावं. ती बाहेर लग्न करणार असली तरी तिनं स्वतःची तपासणी करून घ्यावी. ती वाहक निघाली तर होणाऱ्या नवऱ्याची एक तपासणी पुरते. वाहक असणं हे लपवण्यासारखंही नाही आणि स्थळ मोडण्यासारखंही नाही.

‘बहिणीचं चांगलं बघवत नाही’ असं कुणी म्हणालं तर एकच वाक्य बोला: ‘लग्न मोडा म्हणत नाही, पोराचा रिपोर्ट येईपर्यंत थांबा म्हणतेय.’ त्यापुढं वाद घालू नका. वडिलांना आधी एकट्यात सांगा. नातवाचं कारण आपल्याकडून गेलं असेल या विचारानं ते चारचौघांत उलट बोलतील, एकट्यात ऐकतील.

तुमचं दुसरं मूल. तुम्ही दोघं वाहक असाल, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक बहिरं होण्याची शक्यता, चारात तीन ऐकू येण्याची. एकदा होऊन गेलं म्हणजे पुढची तीन बरी, असं नसतं, प्रत्येक वेळी हिशोब पहिल्यापासून. कारण कळेपर्यंत गर्भ राहू देऊ नका, एवढंच माझं मागणं. कारण माहीत असेल तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन बाळाची तपासणी करता येते. ती नोंदणीकृत केंद्रातच होते आणि बाळाचं लिंग सांगितलं जात नाही. पण मुलातला बदल आधी सापडलेला नसेल, तर ऐन गरोदरपणात धावपळ करून काही हाती लागत नाही.

ही तपासणी करायची का आणि केल्यावर काय करायचं, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, घरानं नाही. बहिरेपण हा जीव घेणारा आजार नाही. बहिरी माणसं शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात, आणि त्यांची खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. काही जोडपी ही तपासणी गर्भ ठेवायचा की नाही यासाठी करतात, तर काही फक्त तयारीसाठी. पहिल्या महिन्यात कानाची चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र, इतकं वेळेत झालं तर त्या बाळाची दोन वर्षं वाया जात नाहीत. काही जोडपी तपासणी करतच नाहीत, जन्मल्यावर बघतात. यातलं काहीही तुम्ही निवडलं तरी मी तुमच्या बाजूनं आहे. एवढंच बघा, की तुमच्या मोठ्याच्या कानावर, म्हणजे त्याच्या समजेपर्यंत, ‘तुझ्यासारखं दुसरं नको होतं’ असं कधी पोचू नये.

आणि ता. क. मधल्या वहिनी. मुलाचा दोष तुम्हा दोघांकडून आलेला निघाला, तर तो मोठा होऊन लग्न करेल, तेव्हा त्याच्या प्रत्येक मुलाला तो एक वाकडी प्रत देणारच. त्याचं मूल बहिरं होईल ते फक्त त्याची बायकोही वाहक असेल तर. तुमचा भाऊ वाहक असण्याची शक्यता निम्मी, म्हणून त्याची मुलगी वाहक असण्याची पाव, आणि त्या दोघांचं लग्न झालं तर प्रत्येक मुलामागं बहिरेपणाची शक्यता आठात एक. हे आत्यांना आत्ताच सांगा, वहिनीच्या डोहाळजेवणात हा विषय हसण्यावारी निघायच्या आधी. बाळ जन्मलं की त्याच्या कानाची चाचणी दवाखान्यातून घरी येण्यापूर्वी करून घ्यायला भावाला सांगा, आणि तुमच्या मुलाचा अहवाल आला की भावाचीही तपासणी त्याच फेरीत उरकून घ्या. तो वाहक नाही असं निघालं, तर त्याच्या बाजूनं तरी ही काळजी संपली.